एकाच डबीतले भुंगेरे

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६. यवतमाळ

डीएनएचा निकाल आला. महागावचे आणि मारेगावचे काळे भुंगेरे मी तीन वर्षं एकच जात समजून एका डबीत ठेवले. जनुकं सांगतात, दोघांच्या वाटा लाखो वर्षांपूर्वीच फुटल्या. महागाववाल्याचा जवळचा नातलग निघाला पिवळ्या ठिपक्यांचा भुंगेरा, ज्याच्याशी त्याचं रूप जरासुद्धा जुळत नाही. प्रबंधाचं अख्खं प्रकरण परत लिहायचं. ठीक आहे, लिहीन.

डोक्यातून जात नाही ती शेवंताबाई. तीन वर्षांपूर्वी मारेगावला तिच्या पऱ्हाटीत, कपाशीच्या वावरात, मी भुंगेरे धरायला पेले पुरले होते. महागावचे जिवंत भुंगेरे बरणीत सोबत होते. तिनं दोन्हीकडचे भुंगेरे हातावर घेतले, हुंगले. म्हणाली, "म्याडम, आमच्या वावरातल्याचा वास नाकाले झोंबते. तुमच्या बरणीतल्याचा नाही झोंबत. हे एका घरचे नाहीत."

मी हसले आणि सगळे स्पिरिटमध्ये टाकले. स्पिरिटमध्ये वास उरतो कुठं? मग तीन वर्षं भिंगाखाली त्यांचे पाय मोजत बसले.

आता तो वास घ्यायचा तर जिवंत भुंगेरा पाहिजे. दुपारी शेवंताबाईला फोन केला. "आता कायले येता? अळीपायी औषध फवारूनच राह्यलो आमी. भुंगेरा दिसतच नाही."

निदान तेव्हाचं तिचं बोलणं तरी टिपलं असेल म्हणून त्या दिवसाची वही काढली. तापमान आहे, माती आहे, कोणत्या पेल्यात किती पडले तेही आहे. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय, विशेष काही नाही.