ताईच्या सासूची नस

४ ऑगस्ट
आज आमच्या दवाखान्यात नसांच्या तपासणीला कोण यावं? धोंडुबाई! ताईची सासू. उचगावच्या बायकांबरोबर आली. मला बघून म्हणते, "अनू, तू हितं हायस व्हय?" जसं काही घडलंच नाही!

तंबाखू खाता का, विचारलं. "न्हाय बाई. मिसरी लावतो तेवढी. ती दाताला असती, तंबाखू न्हवं." तंबाखू भाजूनच तर करतात! सकाळीच लावून आलेली.

दंडाला पट्टा आवळला, सोडला. रक्त धावलं की नसेच्या आतलं अस्तर एक वायू सोडतं, त्याच्या इशाऱ्यावर नस रुंदावते. हिची सोनोग्राफीत ढिम्म! हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवायला हवं होतं. "बरं हाय न्हवं?" म्हणाली. मी म्हटलं, बरंय.

जा. भोग.

५ ऑगस्ट
छान झोप लागली.

८ ऑगस्ट
ताईला सातव्या महिन्यात असंच झालं होतं. बाळाच्या वारेतून रक्तात भलतेच निरोप सुटले, अस्तर गप्प पडलं, बीपी चढलं. पाय सुजले, डोकं ठणकायचं. आई सांगते — धोंडुबाई म्हणाली, "समद्यास्नीच हुतं." दवाखान्यात नेलं तेव्हा झटके सुरू झालेले. ताई गेली, बाळही गेलं. आणि ही बया खुशाल मिसरी घासतेय!

११ ऑगस्ट
रिपोर्ट न्यायला आली. जिना चढताना छाती धरून थांबली. मला दया नाही आली — संताप आला! सगळ्यांसमोर म्हटलं, "ताईला तुम्ही मारलंत. आता तुमची पाळी." "व्हय बाई," म्हणाली आणि रिपोर्ट न घेताच गेली. फिटलं एकदाचं!

१२ ऑगस्ट
कृष्णातदाजींचा फोन. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच.

"ताईचं पाय सुजलं तवाच आईनं गाडी दारात आणाय लावलीती, अनू. तवर तुझ्याच आईचा फोन आला — रविवारी डोहाळजेवण हाय, पावण्यास्नी सांगून झालंय, दवाखान्याचं नाट लावू नका. ती गेल्यावर आमची आई म्हणली, ह्ये भाईर बोलायचं न्हाय. आपल्या फोनामुळं लेक गेली कळलं तर ती माउली जगायची न्हाय."

फोन ठेवला आणि धोंडुबाईंचा न नेलेला रिपोर्ट पिशवीत घातला.

१३ ऑगस्ट
धोंडुबाईंना हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायला निघालेय. आई दारात आडवी आली. म्हणते, "माझी लेक खाल्ली तिनं. आणि तिच्यासाठी तू रजा काढतीस?"