आम्ही बोटीवर, मेंढरं बेल्ह्याला

८ डिसेंबर, सोमवार. गोवा बंदर

मेंढरं विकली. सगळी. डिंगोऱ्याहून शेजारच्या जालिंदरनं फोनवर खात्री दिली. काल आम्ही मुंबईला बोटीत चढत होतो, त्याच वेळी आमच्या दारात टेंपो उभा होता. मेंढरं चढवून द्यायला अमृत स्वतः हजर. आमचा अमृत! रविवार असून ऑफिसचं अर्जंट काम निघालं, म्हणून आई-बापाला बंदरावर सोडायला आला नाही तो. हे काम!

जालिंदर म्हणाला, "दादाभाऊ, मला वाटलं तुमाला ठावं हाय. वाघर गुंडाळून भिताडाला लावलीया."

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. आजोबांपासून आमच्या दारात कधी गुंडाळलेली नव्हती.

एका तोंडाची बातमी द्यायची नाही, ही मंचरला वार्ताहर म्हणून काढलेल्या बत्तीस वर्षांची सवय. लगेच बेल्ह्याच्या राघूला फोन लावला. मेंढरांचा व्यापारी. मागं बाजारभावाच्या रकान्यात कांद्याबरोबर मेंढरांचेही भाव मीच छापायचो. तो भर बाजारात होता, मागं बें-बें चाललेली. म्हणाला, "व्हय, तुमचाच माल. लई निगुतीनं ठिवलेला. घरच्यांनीच दिला की, पावणं!"

दोन ठिकाणांहून खात्री. बातमी पक्की.

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला पोराकडून बोटीची भेट म्हणे! आई-बापाला समुद्रात लोटायचं आणि मागं घर धुवायचं.

बायकोला, गजराला सांगितलं नाही. ती आत जेवणाच्या रांगेत उभी होती, ताटात केकचे तीन तुकडे.

८ डिसेंबर, संध्याकाळ

अमृत फोन उचलत नाही. बोट सुटली. रेंज गेली.

९ डिसेंबर, मंगळवार. समुद्र

चहूकडं पाणी. माणसानं रागानं उठून जायचं म्हटलं तर जायचं कुठं? लिफ्टनं वर, लिफ्टनं खाली.

या बोटीवरचं सगळंच डोक्यात जातंय. सकाळपासून गाणी. पोहण्याच्या टाकीपाशी एक पोरगी माइक घेऊन— "अंकल, स्माइल!" कशाला स्माइल? अंकलची मेंढरं गेली, बाई!

डिंगोऱ्याच्या चौकात आमचा फ्लेक्स लागलाय, त्याचाही आज नव्यानं संताप आला. 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. वर माझा फेट्यातला फोटो, कोपऱ्यात गजराचा, रेशनकार्डावरचा. मी सांगून थकलो, बोट गोवा आणि कोचीला जाते, दोन्ही आपल्याच देशात आहेत. तरुण मंडळाचा अध्यक्ष म्हणतो, "समुद्रात गेलं की परदेशच की राव!" आता परदेश करून येणारा हा माणूस मेंढरांच्या मोकळ्या वाड्यापुढं उतरणार. त्याचाही फ्लेक्स लावा म्हणावं.

गजरा मात्र खुशीत आहे. तेच बघवत नाही. नऊवारी खोचून टाकीच्या कडेला पाय सोडून बसली. नाशिकच्या कुणा बाईशी गट्टी जमवली. घरून आणलेली कारळ्याची चटणी तिला दिली, वर ऐटीत म्हणाली, "हितलं जेवान ग्वाड, पन अळणी. तुमाला लागंल." दुपारी ती माइकवाली ओरडली, "आंटीजी, हाथ ऊपर!" आणि हिनं केले की वर! पोराच्या वरातीत एका जागी उभी राहिलेली बाई ही. मी तोंड फिरवून पाण्याकडं बघत बसलो.

सकाळी उठल्यावर म्हणाली, "अवो, किती दिसांनी अशी झोप लागली. हितं बिबट्या न्हाई, काय न्हाई."

बिचारी. बिबट्या टेंपोतून येऊन गेलाय, हे तिला कुठं माहीत!

सांगावं की नाही? सांगितलं तर ती या पाण्याच्या मधोमध काय करणार? रडायला स्वतःचा उंबरा लागतो. एकेक मेंढरू तिला नावानं ठाऊक. आई मेलेली कोकरं चुलीजवळ घेऊन बाटलीनं वाढवलेली. यावर मी एकदा लेख लिहिला होता, रविवारच्या पुरवणीत पान भरून आला होता. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

मेंढरांचं तिनं दिवसभरात एकदाही विचारलं नाही. बरं झालं. खोटं बोलावं लागलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार. कोची

रेंज आली. अमृतनं एकदाचा फोन उचलला. मी डेकच्या टोकाला जाऊन बोललो. बोललो कसला, ओरडलो. एक गोरा माणूस खुर्ची उचलून लांब जाऊन बसला.

"पप्पा, ओरडू नका. आधी मम्मीशी बोला."

"तिला यात ओढू नकोस! तिच्या जिवावर उठलास तू."

"अहो पण ऐकून तर घ्या—"

"कुणाला विचारून विकलीस?"

मग पुन्हा तेच. "मम्मीशी बोला ना."

फोन कापला. आईच्या पदराआड लपायची सवय लहानपणापासूनच. काच फोडली की चुलीमागं! आता पुण्यात वाकडला फ्लॅट आहे, गाडी आहे, सवय तीच.

लगेच राघूला लावला. मेंढरं परत हवीत म्हटलं. तो हसला. "आसं कुटं आस्तं व्हय! इकलेला माल म्हंजी सासरी गेलेली ल्येक." मी चढा आवाज लावला. मग म्हणाला, "निम्मी गेली नगरकडं. राह्यलेली ठिवतो शुक्रवारपोत. पन सबूद द्या, दादाभाऊ. मागनं न्हाई म्हनायचं न्हाई."

दिला शब्द.

शुक्रवारी सकाळी बोट मुंबईला लागते. तिथून थेट बेल्हे. निम्मी तर निम्मी. गजराच्या पुढ्यात आणून उभी करीन आणि मग अमृतला बोलावून घेईन. त्याला काय सुनवायचं ते तयार आहे. आज बसून लिहून काढलं. तीन वेळा. प्रत्येक वेळी लांबलं.

११ डिसेंबर, गुरुवार. समुद्र

आज राहवलं नाही. सकाळी डेकवर चहा घेताना तिला सांगितलं. आधी हात धरला. म्हटलं, मन घट्ट कर. अमृतनं तुझी मेंढरं विकली.

तिनं चहा खाली ठेवला नाही. बशीत ओतला, फुंकला, प्याली.

"अमृतनं न्हाई. मी."

मला वाटलं, पोराला वाचवतेय. तसं म्हणालोही. तेव्हा मात्र तिनं बशी ठेवली.

"राघूला पोळ्यालाच सांगून ठिवलं व्हतं. अमृतला म्हनलं, आमी बोटीत बसल्याबिगार टेंपो आनू नगंस. माझ्या डोळ्याम्होरं नगं. आन् बोटीचं बी मीच काढलं. टीव्हीत बघितली व्हती."

"मला विचारायचं नाहीस?"

"इचारलं आस्तं तर तुमी लेख लिवला आस्ता."

शेजारच्या टेबलावरची नाशिकची बाई उठून गेली. मी म्हणालो, आजोबांपासूनची मेंढरं होती. आपलं कूळ—

"कूळ तुमचं, आन् वाडा कुनी झाडला? बिबट्या आला की डबा बडवायला कोन उटायचं? तुमी घोरत! त्या लेखापायी सत्काराला बलावलं, तवा घोंगडं तुमच्या खांद्यावर. काठी तुमच्या हातात. फोटू तुमचा. मी खाली बायकांत, शेणाचा वास येतो म्हनून शेवटाला बसलेली. दोन वरसं झाली, गुडघा वाकत न्हाई माझा. तुमाला म्हाईत हाय का कंचा?"

मी गुडघ्यांकडं बघितलं. दोन्ही लुगड्याखाली होते.

"उजवा," मी म्हणालो.

"डावा."

राग अजून आहे. लिहिताना पेन कागदात रुततंय. पण कुणावर आहे, ते सांगता येत नाही. लपवलं म्हणून तिच्यावर आहे. नक्की आहे. पोळ्यापासून! एकाच घरात, एकाच ताटलीत भाकरी मोडत! बत्तीस वर्षं मी पोरासोरांना शिकवलं: आरोपाची बातमी असेल, तर संबंधिताची बाजू घेतल्याशिवाय ऑफिसला पाठवायची नाही. जालिंदरला विचारलं, राघूला दोनदा विचारलं, अमृतवर ओरडलो. संबंधित व्यक्ती तीन दिवस याच खोलीत, शेजारच्या उशीवर.

दुपारी तिला विचारलं, राघूला शब्द दिलाय, त्याचं काय करू?

"तुमी दिलाय. तुमी पाळा. घ्या मेंढरं, राखा. न्हाई म्हनत न्हाई मी." मग जरा थांबून, "आजून एक सांगायचं हाय. पन आता न्हाई. आता मला जेऊ द्या. आज आइस्क्रीम हाय."

गेली. मागून चालताना पहिल्यांदा नीट बघितलं. डावा पाय टाकताना कठडा धरते.

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळ

आठच्या सुमारास बोट मुंबईला लागणं अपेक्षित आहे. अमृत गाडी घेऊन बंदरावर येतोय. गजरा त्याच्याबरोबर पुण्याला जाणार, राहायला. काल सांगायचं राहिलेलं ते हेच. किती दिवस, ते तिनं सांगितलं नाही. वेणी घालता घालता तिनंच या वृत्ताला दुजोरा दिला. मला बेल्ह्याला जायचं तर कल्याणहून माळशेज घाटाची एसटी आहे. गाडीत जागा आहे, एवढंच ती म्हणाली. चला म्हणाली नाही.