खारे बांगडे

मुळगाव, डिचोली
२० सप्टेंबर १९८७

सौ. सुशीलावन्संना यशोदाचा नमस्कार.

तुमचं पत्र आणि बसवाल्याकडे दिलेले खारे बांगडे, दोन्ही पोचलं. गोवा घटकराज्य झालं तरी खाणीच्या ट्रकांची धूळ तीच. तुमचे भाऊ सोप्यावर बसून असतात. हात कापतात, पाऊल उचलत नाही, बोलणं बंदच झालंय. घास मी भरवते. कळतं मात्र सगळं.

तुम्ही लिहिता, श्रावणात दादा चालायला लागला ती देवाची कृपा, पुन्हा कौल लावून बघ. कौल कशाला, वन्सं? श्रावणात आपल्याकडे नुस्तं शिजत नाही, मासळी वर्ज्य, म्हणून ते चालले. मी पणजीच्या डॉक्टरांना विचारून आले. मेंदूत हालचालीचा रस करणाऱ्या पेशी मरत चालल्यात, त्या परत येणार नाहीत. गोळी त्या रसाची भरपाई करते. "पूण बाये," ते म्हणाले, "गुळी आनी नुस्तें एकाच दारांतल्यान भितर सरतात. नुस्तें फुडें वता, गुळी भायर उरता. रित्या पोटार दी." मासळी पुढे गेली की गोळी दाराबाहेर, हे मी नीट लक्षात ठेवलं.

श्रावणात तुमचे भाऊ विहिरीपर्यंत चालत गेले त्या दिवशी मी आनंदाने रडले, खरंच रडले. दुपारी डाळीत मीठ जास्त झालं म्हणून त्यांनी माझ्या कानाखाली मारली. हात जरासुद्धा कापला नाही. त्या कानाने मला अजून ऐकू येत नाही.

तो हात तुम्हालाही ठाऊक आहे. माझं मनगट मोडलं तेव्हा तुम्हीच शेजारणींना सांगितलंत, वहिनी विहिरीवर घसरली.

चतुर्थी झाली आणि मी तुमचे आधीचे बांगडे काढले. गोळी न चुकता देते, भाजलेल्या बांगड्याच्या घासाबरोबर, काटे काढून. सोमवारी नुस्तं नसतं, तेव्हा हात थोडा हलतो. सोमवारी मी लांब बसते.

हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. डोळे भरले, तोंड उघडलं. मी घास घातला.

बांगडे थांबवायचे असतील तर भावाला तुमच्याकडे मुरगावला घेऊन जा. गोळ्या बांधून देईन, रिकाम्या पोटी द्यायच्या. कान सांभाळा. नाहीतर बुधवारी मी बसवर पुडकं घ्यायला येते, जरा मोठं पाठवा.

विहिरीवर घसरलेली तुमची वहिनी,
यशोदा