जेवणाआधीचे शेवटचे वाक्य

मी, वादिराज भीमाचार्य गलगली, वय पंचाहत्तर, राहणार जयनगर, बेंगळुरू, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. पत्नी कमला हिचे मत वेगळे असल्यास तिने ते नंतर सांगावे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते लिहिताना मी रागात होतो.

१. राहते घर कमलाच्या हयातीत तिचे. तिच्यानंतर मुलगा ध्रुव आणि मुलगी श्रीविद्या यांचे, समान हिश्श्याने.

२. माझे सर्व शेअर ध्रुवला. त्याने ते घाबरून एकदम विकू नयेत. टीव्हीवर कोणी ओरडू लागले की टीव्ही बंद करावा.

३. अर्थसंकल्पानंतरच्या पहिल्या रविवारी इथल्या कारखानदारांना वर्षाचा अंदाज सांगण्याचे काम मी अनेक वर्षे केले: व्याजदर, रुपया, शेअर बाजार, मागणी. भाषण झाले की जेवण. शेवटी मी न चुकता म्हणत असे, "हा अंदाज आहे, यावर विसंबून धंद्याचा निर्णय घेऊ नये." तोवर खुर्च्या सरकू लागलेल्या असत. बिसिबेळे भाताच्या वासापुढे माझे काय चालणार? ते वाक्य बसून ऐकणारी एकटी श्रीविद्या.

४. चार वर्षांपूर्वी मी सांगितले की व्याजदर चढतील, परदेशी पैसा बाहेर जाईल, बाजार पडेल, नवी यंत्रे घेण्याची ही वेळ नव्हे. श्रीविद्येच्या पंपांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात अवधूत देसाई भागीदार होणार होते. त्यांनी जेवता जेवताच अंग काढून घेतले. ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "अण्णा, मला घरी आधी सांगायला काय झालं होतं?" मी म्हणालो, अंदाज सगळ्यांना सारखाच. कमला म्हणाली, "स्वल्प तोंड आवरलं असतं तर काय बिघडलं असतं?"

श्रीविद्येने कर्ज काढून यंत्र घेतलेच. बाजार मी म्हटल्याप्रमाणे पडला आणि तिचा कारखानाही चालला. अंदाज बरोबर होता, हे माझे म्हणणे आजही कायम आहे. तेव्हापासून ती या घरी आलेली नाही. कमला तिच्याकडे जाऊन येते. मला तिची फार आठवण येते, हे येथे नोंदवतो.

५. सत्कारांत मिळालेल्या सर्व शाली अवधूत देसाई यांना द्याव्यात. जेवायला सर्वांत आधी तेच उठत.

६. माझ्यानंतर ते भाषण श्रीविद्येने करावे, तिची इच्छा असल्यास. जेवण आधी वाढावे.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. वकील सुचेताबाई म्हणतात, असले कागद माणूस गेल्यावर उघडायचे असतात. मी याची प्रत आजच तिच्या कारखान्यावर पाठवत आहे. माझा अंदाज असा, की येत्या रविवारी ती जेवायला येईल. कमलाने तिचे पान मांडून ठेवावे.

या अंदाजावर मात्र कोणी विसंबू नये. मी विसंबलो आहे.

सही: वादिराज भीमाचार्य गलगली

आमच्यासमोर सही केली:
सुचेता कुलकर्णी, वकील
मानसिंग घोरपडे, शेजारी

जयनगर, बेंगळुरू
५ मार्च २०२६