कोरल कसं मेलं, ते तुम्हीच सांगा

अहो,
मी मुद्दाम बाभुळगावले बहिणीकडे चालली. चार वाजता उमरखेडच्या विमलताई अन् नेरचे सदाशिवराव येऊन राह्यले. आपल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं सगळं कोरल मेलं, हे समजल्याबरोबर दोघंही मले म्हणाले, "तुम्हीच देलेले तुकडे वाढले आमच्याकडे, त्यातलेच घेऊन येतो." आमच्या कोरल पाळणाऱ्याईत असंच असते. एकाची टाकी गेली का बाकीचे भरून देतात.

चहा-चिवडा तुम्हीच द्या. लाइन गेल्यावर मॅच पाहाले टाकीच्या पंपाचा प्लग काढून इन्व्हर्टरवर टीव्ही कोणं लावला, अन् मंग पंप परत लावलाच नाही, हे मी त्याईले सांगितलं नाही. "कसं मेलं, ते आमचे हेच सांगतीन," एवढंच बोलली. तुम्ही मले म्हणाले ना, 'दगडच तं होते'? त्याईलेही तसंच म्हणा.

कोणी रागावणार नाही. उलट विमलताई तुमच्याही हातावर एक तुकडा ठेवतीन, "भाऊ, तुम्हीपण वाढवा" म्हणून. यापेक्षा शिव्या देल्या असत्या तं बरं होतं, असं वाटन तुम्हाले.

मले तेच पाह्यजे. दोन्ही हातांनी घ्या.

अनघा