डावी दाढ, उजवी दाढ

रविवार, सकाळ

चि. पिटुकल्यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

सहा फूट उंच झालास, दातांचा डॉक्टर झालास, तरी मला तू पिटुकलाच. ताईचे गुडघे कसे आहेत? जिना चढते, की खालूनच हाका मारते? भावजींचा खोकला हटला का? सूनबाईची पाठ? तुझ्या धाकटीचे दुधाचे दात हलू लागले असतील. तुझी तब्येत विचारत नाही. फोनवर तुझा आवाज ठणठणीत असतो, आणि त्यापुढे माझी जीभ अडखळते, म्हणून तर कागद घेतला.

इकडे सगळे बरे. नातीची किडकी दाढ तशीच, गोड खाणंही तसंच. सुट्टी लागली की तिला तुझ्याकडे आणायचं ठरलंय. त्याआधी एक विचारते, रागावू नकोस.

माझ्या दोन दाढा तू एकाच दिवशी कोरल्यास. दोन्हीकडे नस उघडी पडली. तू म्हणालास, "नस जिवंत आहे मावशी, वर औषधाचं झाकण घालतो, दाढ वाचेल." घाल म्हटलं. पण तोंड वासलं म्हणून डोळे थोडेच मिटतात! डावीकडे पांढरी पेस्ट लावलीस, ती चुटकीसरशी घट्ट झाली, वर सिमेंट, काम फत्ते. उजवीकडे मात्र राखाडी भुकटी पाण्यात कालवलीस, वर ओला कापूस ठेवलास आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावलंस. एकाच तोंडात दोन न्याय? विचारलं तर म्हणे, "दोन्ही औषधंच गं." तुझी मदतनीस मात्र कुजबुजली, "सर, डावं कुठलं नि उजवं कुठलं, विसरू नका हं." तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

पुढे दर खेपेला दाढांना थंड बोळा लावून तुझं एकच, "इथे कसं वाटतं? आणि इथे?" म्हटलं, हा माझ्या तोंडात शर्यत लावून बसलाय आणि घोड्यांनाच पत्ता नाही! मग मीही वस्ताद. तू आपणहून कबूल होईस्तोवर ताकास तूर लागू द्यायची नाही, असं ठरवलं. दरवेळी सांगितलं, "दोन्ही सारख्याच. उत्तम."

परवा तू फोनवर म्हणालास, "मावशी, तुझी डावी इतकी छान बसली, की नस उघडी पडली तर तुझ्या नातीलाही तेच भरू. एका बैठकीत सुटेल पोर."

फोन ठेवला, आणि पोरीला उजेडात बसवून तिची दाढ पुन्हा पाहिली.

बाळा, डावी छान नाहीये. चहाचा घोट लागला की कळ मस्तकात जाते. आडवी झाले की ठसठसते. उजवीवर मी खुशाल शेंगदाणे फोडते.

तुझं बिंग फोडायला मी खोटं बोलले, आणि त्याच खोट्यावर तू पोरीची दाढ ठरवतोयस. तू मला न विचारता आजमावलंस, मी तुला न सांगता. जास्त चूक कुणाची, ते भेटीत भांडू. आधी एवढं खरं लिही: तुझ्या धाकटीची दाढ असती, तर डावीकडचं भरलं असतंस की उजवीकडचं?

तुझं उत्तर हाती पडल्याशिवाय तिला घेऊन निघणार नाही. तेव्हा उद्यावर ढकलू नकोस, आजच लिही.

उजवीने चावणारी, डावीबद्दल गप्प राहिलेली,
तुझी मावशी