डाव्या चाकाचा जोड

प्रिय ठिणगे,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तासभर चऱ्हाट लावणारी मी कागद-पेन घेऊन बसले, म्हणजे काहीतरी बिनसलंय असंच तुला वाटणार. तब्येत ठणठणीत आहे. फक्त एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकल्यावर तू माझी मैत्रीण राहशील की नाही या धास्तीनं तोंडानं सांगायची हिंमत होत नाही. म्हणून आधी जरा गप्पा मारते, चालेल ना?

बातमी अशी, की आपल्याच कॉलेजनं मला नेतृत्वविकास हा विषय शिकवायला दिलाय. हस मेले! तिसऱ्या वर्षाच्या साठ भावी इंजिनिअरांना मी पुढारपण शिकवते. टीम पाडायच्या, कामं वाटायची, कुणाकडे काय त्याचा तक्ता भिंतीवर लावायचा. तक्त्याची कल्पना आपलीच, आठवतं? शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची, जिने चढणारी आपली ट्रॉली, चौघींची टीम, मी कॅप्टन आणि ‘चाकांचे जोड’ यापुढे तुझं नाव. पहिल्याच दिवशी माझा ॲप्रन जाळलास म्हणून तू ठिणगी झालीस, पण आठ महिन्यांत तुझा हात असा बसला, की वर्कशॉपचे मामा तुझं वेल्डिंग इतरांना बोलावून दाखवायचे. मला हेवा वाटायचा गं. आज कबूल करते.

मग तो परीक्षेचा दिवस. शंभर किलो वजन, तिसरी पायरी, आणि डावं चाक कडकन निखळलं. परीक्षकांनी विचारलं, हा जोड कुणाचा. मी आपली बुटांकडे बघत राहिले. तू तक्त्याकडे बघितलंस आणि हात वर केलास. वर मलाच चहा पाजून माझी समजूत काढलीस. त्यानंतर वेल्डिंगचा होल्डर तू कधी हातात धरला नाहीस. बावीस वर्षं दुसऱ्यांचे जोड तपासून शिक्के मारतेस आणि हसत म्हणतेस, माझ्या हाताचा काही भरवसा नाही बाई.

गेल्या मंगळवारी वर्गात एका टीमचा पंप ऐन प्रात्यक्षिकात गळला. तक्त्यावर जिचं नाव होतं ती बिचारी उठतच होती, तेवढ्यात त्यांची कॅप्टन उभी राहिली. म्हणाली, मॅडम, हिचं काम चांगलं होतं, माझाच विश्वास नव्हता, हिला न विचारता सील मी बदललं. एवढीशी पोर! तिला दहापैकी दहा दिले आणि स्टाफरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले.

ठिणगे, परीक्षेच्या आदल्या दुपारी तुम्ही तिघी जेवायला गेलात, तेव्हा डाव्या चाकाचा तुझा जोड मी ग्राइंडरनं कापून काढला आणि स्वतः नवा वेल्ड केला. तुझा कच्चा वाटतोय, असं मी मनाला पटवलं होतं. तुटला तो माझा. उजव्या चाकाचा तुझाच होता. ती ट्रॉली अजून वर्कशॉपच्या कोपऱ्यात आहे; काल जाऊन त्या जोडावर हातोडा घालून बघितला, तसूभर हलला नाही. शिव्या दे, अबोला धर, माझी काही तक्रार नाही. येत्या गुरुवारी हे सगळं मी त्या साठ पोरांना सांगणार आहे, पण त्याआधी तुला कळायला हवं होतं. होल्डर आणि नवा ॲप्रन काढून ठेवलाय. आलीस, तर डावं चाक तुझ्या हातानं बसव.

तुझीच, अजून म्हणू देणार असशील तर,
कॅप्टन